रझांचं सेरिग्राफ विकायला काढताना: 43/100 ची किंमत ठरते कशी?

प्रश्न थोडक्यात असा: 2011 साली पुण्यातल्या एका प्रदर्शनातून चित्रकार एस. एच. रझांचं बिंदूचं सेरिग्राफ (जाळीतून रंग उतरवून केलेली छापील प्रत) फ्रेमसकट 85,000 रुपयांना घेतलं. खाली पेन्सिलने 43/100 (शंभर प्रतींतली 43 नंबरची) आणि सही आहे, सोबत प्रमाणपत्र आहे. तेव्हापासून दिवाणखान्यात लावलेलं आहे. आता घर बदलताना विकायचं म्हटलं तर एक डीलर 30,000 सांगतो. रझांची चित्रं पन्नास कोटींना जातात, मग हे असं कसं? आणि शंभरात 43 म्हणजे तसा लहानच नंबर, त्याचे जास्त मिळतील का? पुढे अशा प्रिंट्स घ्याव्यात का?

आधी पन्नास कोटींचं बघू. ऑगस्ट 2023 मध्ये मुंबईत पंडोल्सच्या लिलावात रझांचं 1989 चं ‘जेस्टेशन’ 51 कोटी 75 लाखांना गेलं. मार्च 2025 मध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात एम. एफ. हुसेन यांचं 1954 चं ‘ग्राम यात्रा’ 1 कोटी 37 लाख 50 हजार डॉलरला गेलं. अशी बातमी पेपरात आली की घरोघरची सेरिग्राफं भिंतीवरून उतरतात. नेमकं तिथेच गणित उलटं फिरतं. ‘जेस्टेशन’ जगात एकच आहे. दोन श्रीमंत माणसांना ते एकाच वेळी हवं झालं की किंमत कुठवर जाईल याला धरबंध नसतो. तुमच्या सेरिग्राफला मात्र निदान नव्व्याण्णव भावंडं आहेत. आज ज्याला 43 नंबर मिळाला नाही त्याला तीन महिन्यांनी 71 नंबर मिळतो, म्हणून कोणी हात सैल सोडत नाही. विक्रमाच्या बातमीने मागणी थोडी वाढते, पण विकायला आलेल्या प्रती त्याहून जास्त वाढतात. तेव्हा तुमच्या प्रिंटचा भाव रझांच्या कॅनव्हासवरून काढायचाच नाही. तो काढायचा फक्त त्याच एडिशनच्या (म्हणजे एकत्र छापलेल्या नंबरवार प्रतींच्या संचातल्या) दुसऱ्या प्रती प्रत्यक्ष केवढ्याला विकल्या गेल्या त्यावरून.

दुसरी गोष्ट ऐकायला कडू आहे. 85,000 हा तुमच्या प्रिंटचा भाव नव्हताच. त्यात गॅलरीचा वाटा (बहुतेक ठिकाणी निम्म्याच्या आसपास), फ्रेम, कर, प्रदर्शनाचा खर्च असं सगळं होतं. नवी गाडी शोरूमबाहेर पडते तेव्हा जे होतं तेच प्रिंटचं पहिल्या फेरविक्रीत होतं. मूळ किमतीच्या 40 ते 60 टक्के हातात येणं हा फसवणुकीचा पुरावा नाही, तो या बाजाराचा सर्वसाधारण नियम आहे. एडिशन पूर्ण विकली गेली असेल, प्रकाशकाकडे (प्रिंट छापून घेऊन विकणाऱ्याकडे) एकही प्रत उरली नसेल आणि मागणी टिकून असेल, तरच भाव मूळ किमतीच्या वर चढतो. प्रकाशकाच्या कपाटात अजून वीस प्रती पडून असतील तर तोच तुमचा सगळ्यात मोठा प्रतिस्पर्धी. त्यामुळे विकायला निघण्यापूर्वीचा पहिला फोन त्यालाच करायचा आणि विकत घ्यायचंय असं भासवून विचारायचं: ही प्रिंट आहे का, केवढ्याला देता? ‘आहे’ असं उत्तर आलं तर त्या आकड्याच्या वर तुम्हाला कोणी एक रुपया देणार नाही.

आता सेरिग्राफ म्हणजे काय ते नीट समजून घ्यायला हवं, कारण अर्धी किंमत तिथे ठरते. सेरिग्राफ म्हणजे स्क्रीन प्रिंट: ताणलेल्या जाळीतून एकेक रंग कागदावर दाबून उतरवायचा. आपल्याकडच्या आधुनिक चित्रकारांची बहुतेक सेरिग्राफं आधीच रंगवून झालेल्या चित्रावरून केलेली असतात. प्रकाशक चित्र निवडतो, छापखान्यातले कारागीर रंग वेगळे करून वीस, तीस, कधी पन्नासच्या वर स्क्रीन बनवतात, चित्रकार नमुना पाहून होकार देतो आणि शेवटी सह्या करतो. काम कौशल्याचं असतं, त्यात हलकं काही नाही. पण हात कारागिराचा असतो. याउलट चित्रकाराने स्वतः पत्र्यावर सुईने रेषा ओढून, ऍसिडमध्ये बुडवून केलेलं एचिंग किंवा स्वतः कोरलेला लाकूडठसा यात दुसरं मूळ चित्रच नसतं, ती प्रिंट हेच मूळ काम. कस्टम्सच्या दरपत्रकातलं कलाकृतींचं 97 वं प्रकरण हाच भेद करतं: मूळ प्रिंट म्हणजे कलाकाराने पूर्णपणे हाताने केलेल्या प्लेटवरून थेट घेतलेला ठसा, यांत्रिक किंवा फोटो-यांत्रिक पद्धत चालत नाही. फोटोवरून स्टेन्सिल केलेली प्रिंट परदेशातून येताना कधीकधी साध्या ‘छापील चित्रा’त धरली जाते ती यामुळे.

बाजारही हा भेद पाळतो, फक्त बोलून दाखवत नाही. सोमनाथ होर, कृष्णा रेड्डी, ज्योती भट्ट, लक्ष्मा गौड, झरीना हाश्मी हे लोक मुद्राचित्रणातच, म्हणजे ठसे घेऊन चित्र छापण्याच्या कलेतच जगले. रेड्डींनी पॅरिसच्या ‘आतेलिए 17’ मध्ये व्हिस्कॉसिटी तंत्र घडवण्यात मोठा वाटा उचलला. यात कमी-जास्त घट्टपणाच्या शाया कडक-मऊ रोलरने एकाच पत्र्यावर लावून सगळे रंग एका दाबात उतरवतात. झरीना त्याच स्टुडिओत शिकल्या. त्यांचा 1999 चा ‘होम इज अ फॉरिन प्लेस’ हा 36 लाकूडठशांचा संच फक्त 25 प्रतींचा आहे आणि त्यातल्या काही प्रती मोठ्या संग्रहालयांत गेल्या. संग्रहालयात गेलेली प्रत बाजारात परत येत नाही, म्हणजे ती भावंडांच्या यादीतून कायमची कमी झाली. दिवाणखान्यांत गेलेल्या शंभर प्रती मात्र दर पिढीला, दर घरबदलाला परत येतात.

तुमच्या 100 चा अर्थही तपासून घ्या. 43/100 म्हणजे एकूण शंभरच प्रती, असं नव्हे. त्याच्या जोडीला ‘ए.पी.’ म्हणजे चित्रकाराच्या प्रती असतात, साधारण दहा टक्के. फ्रेंच पद्धतीने त्यांनाच ‘ई.ए.’ लिहितात. छापणाऱ्याच्या ‘पी.पी.’ असतात, विक्रीसाठी नसलेल्या (आणि शेवटी विकल्याच जाणाऱ्या) ‘एच.सी.’ असतात. काही प्रकाशक रोमन आकड्यांची वेगळी मालिका काढतात, काही तेच चित्र कॅनव्हासवर छापून त्याला पुन्हा 1 पासून नंबर देतात. सगळी बेरीज 100 ऐवजी 160 निघू शकते. प्रकाशकाचं चांगलं प्रमाणपत्र ही बेरीज सांगतं: तंत्र, रंगांची संख्या, कागदाचं नाव, कागदाचा आणि चित्राचा आकार, छपाईचं वर्ष, छापणाऱ्याचं नाव, सगळ्या प्रकारच्या प्रती, आणि स्क्रीन नष्ट केले की नाही. नुसतं ‘ही प्रिंट अस्सल असल्याचे प्रमाणित करण्यात येते’ आणि खाली गोल शिक्का, एवढंच असेल तर ते प्रमाणपत्र नव्हे, लेटरहेड आहे. त्यापेक्षा 2011 चं बिल जास्त कामाचं. शोधून ठेवा.

नंबर लहान म्हणून पैसे जास्त, हा समज ड्रायपॉइंटमधून आलाय. तिथे सुईने पत्र्यावर ओरखडा काढताना धातूची कड वर येते, तीच शाई धरते आणि मखमली काळी रेघ देते. दाबयंत्राखाली ती कड दर ठशागणिक चपटी होत जाते, म्हणून पहिल्या दहा-वीस प्रती खरोखरच सरस असतात. मेझोटिंट या पत्र्यावरच्याच दुसऱ्या तंत्राचंही थोडंफार तसंच. स्क्रीनची जाळी शंभर प्रतींत काही झिजत नाही. शिवाय प्रत्येक रंगानंतर कागद वाळायला रॅकवर जातात, तीस रंगांत तीस वेळा त्यांचा क्रम बदलतो आणि सही करताना समोर आलेल्या गठ्ठ्यावर नंबर पडत जातात. 43 व्या कागदावर 43 वी छपाई आहे याला काहीही आधार नाही. अगदी 1/100 असेल तर हौशी माणूस थोडे जास्त देतो, ती हौसच. ए.पी. महाग असायला हवी असंही काही नाही. आपल्याकडे तर ए.पी. चा आकडा लिहिलेला नसेल तर खरेदीदार उलट बिचकतो, कारण अशा प्रती किती काढल्या याचा हिशेब कुठेच नसतो.

आता प्रिंट हातात घ्या. फ्रेमवाल्याकडे न पाठवता घरीच, स्वच्छ टेबलावर जुनी चादर अंथरून, हात धुऊन पूर्ण कोरडे करून. फ्रेम पालथी ठेवा, मागची कागदी टेप कापा, खिळे पकडीने सरळ उचला, पाठीचा बोर्ड काढा. प्रिंट काचेला चिकटलेली असेल तर तिथेच थांबा. दमट हवेत सेरिग्राफच्या जाड शाईचा थर काचेला धरतो आणि ओढला की रंगाचा पापुद्रा काचेवर राहतो. अशा वेळी काचेसकट कागदाच्या संवर्धकाकडे न्यायचं. हेअर ड्रायर, ब्लेड, सुरी काही नको.

सुटी निघाली तर दहापट भिंग घ्या. घड्याळजीचं किंवा जवाहिऱ्याचं चालेल, चार-पाचशे रुपयांत मिळतं. रंगाच्या सपाट भागावर भिंग ठेवल्यावर सेरिग्राफमध्ये अखंड, एकसंध रंग दिसायला हवा. दोन रंग भेटतात त्या कडेला जाळीच्या धाग्यांमुळे बारीक करवतीसारखे दाते दिसतात आणि एक रंग दुसऱ्यावर चढल्याची पायरी जाणवते. निळे-गुलाबी-पिवळे-काळे ठिपके फुलासारख्या गोल रचनेत दिसले तर ती ऑफसेट छपाई, म्हणजे पोस्टर. अतिशय बारीक ठिपके धुरळ्यासारखे विखुरलेले आणि शाईला अजिबात उंची नाही, तर ती इंकजेट. त्यालाच दुकानात ‘जिक्ले’ असं भारदस्त नाव आहे. इंकजेट वाईट असतं असं नाही, पण सेरिग्राफ म्हणून विकली गेलेली इंकजेट वाईटच. मग खोलीतला दिवा मालवून टॉर्च कागदाच्या पातळीत आडवा धरा. बिंदूचा काळा रंग भोवतालच्या रंगांवर चढवलेला असेल तर त्याच्या कडेला सावलीची बारीक रेघ पडते. ती दिसली की निम्मी शंका मिटली.

सही बघायचीही हीच पद्धत. पेन्सिलचं शिसं तिरक्या उजेडात राखाडी चमकतं, कागदाच्या उंचवट्यांवर बसतं आणि खळग्यांत तुटतं. मागून पाहिलं तर दाबाची अगदी पुसट खूण कधीकधी जाणवते. छापलेली सही सगळीकडे सारखी सपाट असते, भिंगाखाली तिच्यातही ठिपके निघतात. पेन्सिल वापरण्याची प्रथा यासाठीच: ती उडत नाही आणि छापून हुबेहूब जमत नाही. पण खरी सही म्हणजे खरी प्रिंट, असंही समीकरण नाही. स्पॅनिश चित्रकार साल्वादोर दालींनी कोऱ्या कागदांच्या थप्प्याच्या थप्प्या सही करून दिल्या होत्या, त्यावर पुढे कोणी काय छापलं याचा माग अजून लागतोय. त्यामुळे दालींच्या उत्तरकाळातल्या प्रिंट्सकडे जाणकार आजही संशयाने बघतात. आणि रझांच्या बाबतीत सावधगिरी का हवी, तर जानेवारी 2009 मध्ये दिल्लीत त्यांच्याच नावाच्या एका प्रदर्शनाला ते स्वतः गेले आणि भिंतीवरची कामं आपली नाहीत हे त्यांनाच सांगावं लागलं. रझा जुलै 2016 मध्ये गेले. त्यानंतर छापलेल्या प्रतीवर हाताची सही असूच शकत नाही. शिक्का किंवा वारसांचं प्रमाणपत्र असेल तर ती वेगळी वस्तू आणि तिचा भाव बराच खालचा.

एकच चित्र आणि भावात शेकडो पटींचा फरक, याचा सगळ्यात ठळक नमुना अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉलची ‘मेरिलिन’. 1967 चा दहा प्रिंट्सचा संच, प्रत्येक प्रिंट 91.4 सेंटिमीटर चौरस, 250 प्रती. 1970 पासून ‘संडे बी. मॉर्निंग’ या शिक्क्याने तीच प्रतिमा, तोच आकार, तेच स्क्रीन प्रिंट तंत्र, पण वॉरहॉलच्या मान्य एडिशनच्या बाहेर. काही प्रतींच्या मागे तर ‘इथे तुमचीच सही करा’ अशा अर्थाचा शिक्का आहे. भिंतीवर लावली तर पाहुण्याला फरक कळणार नाही, लिलावात मात्र दोन वेगळी जगं. उलट ब्रिटिश भित्तिचित्रकार बँक्सीने हा प्रश्न कागदोपत्री बांधून टाकला. 2008 पासून त्याच्या ‘पेस्ट कंट्रोल’ या कार्यालयाचं प्रमाणपत्र नसलेली प्रिंट मोठं लिलावगृह हातात धरत नाही, आणि त्या प्रमाणपत्राला एका खोट्या दहा पौंडी नोटेचा फाडलेला अर्धा तुकडा टाचलेला असतो. उरलेला अर्धा त्यांच्याकडे, क्रमांक जुळवायला. आपल्याकडे अशी एकच एक खिडकी नाही, म्हणून प्रकाशकाचं प्रमाणपत्र, मूळ बिल आणि कागदावरचा छापखान्याचा उठावाचा शिक्का असेल तर तो, या तिन्हींची मोट बांधावी लागते.

आता हालत, म्हणजे कागद. इतकी वर्षं दिवाणखान्यात लावलेल्या प्रिंटची खरी परीक्षा माउंटखाली (फ्रेममध्ये चित्राभोवती असते त्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली) होते. माउंट उचलला की झाकलेली पट्टी आणि उघडा भाग शेजारी-शेजारी दिसतात. उघडा भाग फिकट झाला असेल तर प्रिंट उडाली आहे आणि ते परत येत नाही. लाल-पिवळे आधी जातात, आणि रझांच्या चित्रात तेच तर प्राण असतात. माउंटच्या खिडकीच्या कडेने तपकिरी रेघ उमटली असेल तर माउंटबोर्ड ऍसिडवाला होता. ती रेघ मार्जिनमध्येच असेल तर किंमत थोडी उतरते, चित्रावर आली असेल तर बरीच. तांबूस ठिपके म्हणजे दमटपणा. मुंबई-कोकणात पावसाळ्यात हवेतली आर्द्रता सहज 80 टक्क्यांवर जाते, कागदाला 50 च्या आसपास हवी असते, आणि बाहेरच्या भिंतीवर लावलेल्या फ्रेमच्या मागे तर ओल साठूनच राहते. कसरीने कागदाच्या कडा कुरतडल्यात का तेही पाहा.

पण उन्हापेक्षा आणि पावसापेक्षा जास्त प्रिंट्स मारल्यात त्या फ्रेमवाल्याने. तीन गोष्टी तो अगदी सहज करतो. तयार फ्रेममध्ये बसावी म्हणून मार्जिन कापतो. कागदाच्या मूळ पिसाऱ्यासारख्या कडा गेल्या की प्रमाणपत्रावरचा आकार जुळत नाही आणि भाव निम्म्यावर येऊ शकतो. प्रिंट सुरकुतू नये म्हणून पूर्ण पाठ बोर्डावर चिकटवतो, फेव्हिकॉलने किंवा गरम प्रेसने. अशी प्रिंट बरीच लिलावगृहं घेतच नाहीत. आणि चार कोपऱ्यांना सेलोटेप लावतो, जिचा डिंक दहा वर्षांत पुढच्या बाजूला पिवळा झिरपतो. यातलं काही दिसलं तर स्वतः दुरुस्तीला बसू नका. एचिंगचा कागद संवर्धक धुऊ शकतो, सेरिग्राफची शाई आणि पेन्सिलची सही पाण्यात किंवा ब्लीचमध्ये धोक्यात येते. 50,000 च्या प्रिंटवर 15,000 ची दुरुस्ती करून भाव तेवढा वाढतोच असं नाही. आहे ती हालत सांगून विकणं बहुतेक वेळा फायद्याचं.

मग भाव. सॅफ्रनआर्ट, पंडोल्स, अस्तगुरू या मुंबईच्या लिलावगृहांचे जुने निकाल ऑनलाइन बघायला मिळतात. रझांच्या नावाने शोधा आणि तीच प्रतिमा, तोच आकार, तीच एडिशन अशा नोंदी काढा. गेल्या दोन-तीन वर्षांतल्या तीन नोंदी मिळाल्या तरी पुरे. सर्वांत वरचा आकडा सोडा, मधला धरा. जी प्रत न विकता परत गेली तीही नोंदच आहे, आणि सगळ्यात प्रामाणिक. विक्रीच्या वेबसाइट्सवर दोन लाख, अडीच लाख अशा किमती लिहिलेल्या दिसतील. त्या मागण्याच्या किमती, कधीकधी चार वर्षं तशाच लटकलेल्या. त्यावर विश्वास ठेवून घरबसल्या श्रीमंत होऊ नका.

निकालातला आकडाही तुमचा नसतो. समजा हातोडा 80,000 वर पडला, म्हणजे शेवटची बोली तेवढी लागली. खरेदीदाराकडून लिलावगृह त्यावर प्रीमियम घेतं, 20 टक्के धरू, म्हणजे 16,000. वेबसाइटवर छापलं जातं 96,000. तुमच्याकडून विक्रीचं कमिशन 10 टक्के, 8,000, आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, 1,440. फोटो, विमा, वाहतूक मिळून 3,000. हातात 67,560. म्हणजे छापील आकड्याच्या साधारण 70 टक्के, आणि तेही विक्रीनंतर महिना-दीड महिन्याने. आता डीलरचे 30,000 पुन्हा बघा. तो आज रोख देतोय, न विकली जाण्याची जोखीम त्याची, आणि त्यालाही नफा हवाय. मधल्या निकालाच्या निम्म्याच्या आसपास रोख मिळाली तर डीलरला शिव्या घालण्याचं कारण नाही. तिसऱ्या हिश्श्याला मागत असेल तर मात्र थांबायला हरकत नाही.

घाई नसेल तर मधला मार्ग म्हणजे गॅलरीकडे विक्रीसाठी ठेवणं. तोंडी ठेवू नका. तुमच्या हातात पडणारी निव्वळ रक्कम, मुदत (चार ते सहा महिने पुरे), किती सवलत न विचारता देता येईल, तिथे असताना विमा कोणाचा, विकल्यावर किती दिवसांत पैसे, हे सगळं कागदावर हवं, सोबत हालतीचे फोटो. लिलावात दिलीत तर राखीव किंमत (जिच्या खाली विकायचं नाही ती) लिलावगृहाच्या अंदाजातल्या खालच्या आकड्याजवळ ठेवा. लोक हट्टाने वर ठेवतात, प्रिंट परत येते, आणि ‘न विकलेली’ ही नोंद कायमची राहते. त्याच प्रतीला मग वर्ष-दीड वर्ष पुन्हा बाजार दाखवण्यात अर्थ नसतो. ‘राखीव किंमत नाही’ अशा लिलावात घालायची तर 20,000 वरही हातोडा पडू शकतो हे मान्य करूनच घाला. आणि त्याच कॅटलॉगमध्ये त्याच एडिशनची दुसरी प्रत आहे का ते आधी विचारा. असेल तर पुढच्या लिलावापर्यंत थांबा. भावंडं एका रांगेत उभी राहिली की दोघांचंही नुकसान.

कराचंही लक्षात असू द्या. कलाकृती ही प्राप्तिकरात ‘घरगुती वापराची वस्तू’ धरली जात नाही, ती भांडवली मालमत्ता आहे, त्यामुळे नफा करपात्र. 24 महिन्यांहून जास्त ठेवली असेल तर दीर्घकालीन, आणि 23 जुलै 2024 पासून दर 12.5 टक्के, महागाई निर्देशांकाचा फायदा नाही. तुमच्या 85,000 वर बहुधा तोटाच निघेल. मुदतीत विवरणपत्र भरलंत तर दीर्घकालीन भांडवली तोटा आठ वर्षं पुढे ओढता येतो, पण तो फक्त दीर्घकालीन भांडवली नफ्यातूनच वजा होतो. 2011 चं बिल इथेही लागणार.

पुढे प्रिंट्स घ्यायच्या का, असंही तुम्ही विचारलंय. भिंतीसाठी जरूर घ्या. पैशांसाठी घ्यायची तर 50 च्या आतली एडिशन, चित्रकाराने स्वतः केलेलं एचिंग किंवा लाकूडठसा, एकूण प्रतींचा स्वच्छ हिशेब, आणि शक्यतो पहिल्या हाताने नाही तर लिलावात, जिथे गॅलरीचा वाटा दुसऱ्या कोणीतरी आधीच सोसलेला असतो. ‘मर्यादित’ हा शब्द ऐकून घेऊ नका. फेब्रुवारी 2021 च्या अखेरीस ब्रिटिश कलाकार डेमियन हर्स्टच्या ‘द व्हर्च्यूज’ या आठ प्रिंट्स प्रत्येकी 3,000 डॉलरला निघाल्या, तेव्हा मर्यादा संख्येची नव्हतीच, मुदतीची होती: ठरलेल्या दिवसांत जितक्या मागण्या येतील तितक्या प्रती. मिळून सात हजारांहून जास्त गेल्या. कागदोपत्री तीही लिमिटेड एडिशनच.

राहिलं फ्रेमचं. लिलावगृहाला प्रिंट फ्रेमबाहेर काढलेली जास्त आवडते, कारण त्यांना मागची बाजू आणि कडा बघायच्या असतात. फ्रेमला ते वेगळे पैसे देत नाहीत आणि काच वाटेत फुटली तर कागद कापते. तेव्हा समोरून, मागून, चारही कोपरे, सही आणि नंबर जवळून, आणि आडव्या टॉर्चच्या उजेडात एक, असे फोटो खिडकीजवळ दिवसा काढा. कागदाचा आणि चित्राचा आकार मिलिमीटरमध्ये लिहा, डाग असतील ते लपवू नका. मग प्रिंटच्या वर-खाली ग्लासीन (गुळगुळीत, अर्धपारदर्शक) कागद, दोन्ही बाजूंना प्रिंटपेक्षा पाच सेंटिमीटर मोठे कोरूगेटेड पुठ्ठे, त्यांच्या रेघा एकमेकांना आडव्या. टेप पुठ्ठ्यालाच, प्रिंटला नाही. नळीत गुंडाळून पाठवू नका. जाड शाईच्या सेरिग्राफला गुंडाळीत बारीक तडे जातात, आणि ते उघडून सपाट केल्यावरच दिसतात.